म्युझिकल थिएटरच्या कॉलेज ऑडिशनसाठी गाणी कशी निवडायची?

एडिसनकर
मुलगी अकरावीत आहे. येत्या फॉलमध्ये बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स ही पदवी) म्युझिकल थिएटरसाठी अर्ज करायचे आहेत. लहानपणापासून हिंदुस्थानी शिकते, स्वर काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा षड्ज). बहुतेक कॉलेजं दोन वेगळ्या स्वभावाची गाणी मागतात, पण कुठे १६ बार (स्वरलिपीतले मात्रांचे ठरावीक गट), कुठे ३२, तर कुठे ६० ते ९० सेकंद. घरात यातलं कोणालाच कळत नाही. गाणी निवडायची कशी आणि कापायची कुठे? तिच्या हिंदुस्थानी तालमीचा इथे फायदा होतो की अडचण?

विंगेतून
गाण्यांच्या आधी तक्ता करा: कॉलेज, व्हिडिओची शेवटची तारीख, लांबी, कालखंडाची अट. आधी प्रीस्क्रीन म्हणजे व्हिडिओची चाळणी असते, तारखा बहुतेक फॉलमध्येच येतात. त्यातून निवड झाली तर प्रत्यक्ष ऑडिशन, साधारण फेब्रुवारीपर्यंत. बरीच कॉलेजं न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिसला एकत्र जमून ऑडिशन घेतात, त्याला युनिफाइड्स म्हणतात. म्हणजे गाणी उन्हाळ्याच्या सुट्टीतच पक्की हवीत.

‘जुनं’ गाणं मागतात तेव्हा १९४३ च्या ‘ओक्लाहोमा!’ या ब्रॉडवे म्युझिकलपासून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतचा काळ अभिप्रेत असतो. पण सीमारेषा प्रत्येकाची निराळी. कोणी १९६०, कोणी १९६५, कोणी १९७० म्हणतं. १९६० च्या आधीचं घेतलंत की सगळीकडे चालतं. वर्ष मूळ रंगमंचीय प्रयोगाचं धरायचं, नंतरच्या पुनरुज्जीवनाचं किंवा चित्रपटाचं नाही. इथे बरेच जण फसतात.

दोन गाण्यांतला फरक नुसता लयीचा नको. एक संथ आणि एक द्रुत, पण दोन्हीत ‘मला कोणी समजून घेत नाही’ हीच तक्रार असेल तर परीक्षकांनी एकच मुलगी दोनदा पाहिली. एकात ती मागते आहे, दुसऱ्यात चिडवते किंवा फसवते आहे, असं काही हवं. प्रत्येक गाण्यासाठी तिला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: कोणाशी बोलते आहे, त्याच्याकडून काय हवं आहे, आणि कापलेल्या तुकड्याच्या शेवटी सुरुवातीपेक्षा काय बदललं. तिसऱ्याचं उत्तर ‘काही नाही’ असेल तर गाणं कितीही गोड असो, सोडून द्या.

सोडायची आणखी काही: सतरा वर्षांच्या मुलीने पंचेचाळिशीतल्या बाईचा घटस्फोट गाणं, ब्रॉडवेवर सध्या धो-धो चाललेल्या खेळातलं गाणं, एका प्रसिद्ध गायिकेच्या नावावरच जमा झालेलं गाणं, कारण तुलना टळत नाही, आणि विशिष्ट वंशाच्या पात्रासाठीच लिहिलेलं गाणं, ती त्या वंशाची नसेल तर. उलट ‘भारतीय आहे म्हणून भारतीय पात्राचंच’ असंही बंधन मानू नका. तशी पात्रं मुळात मूठभर आहेत.

काळी_चार
तालमीबद्दल. फायदा मोठा आहे: सूर, दमसास, लयीची पकड. अडचणीच्या जागा ठरलेल्या आहेत.

काळी चारवर गाणाऱ्या मुली तार मध्यम-पंचमापर्यंत भरीव आवाजात जातात, त्यामुळे आजच्या धाटणीच्या ‘बेल्ट’ (भरीव, खणखणीत आवाजात वर जाणाऱ्या) गाण्यांना त्यांचा आवाज चटकन बसतो. जुन्या सोप्रानो (उंच स्त्री-आवाजाच्या) गाण्यांचा वरचा टप्पा मात्र तार धैवत-निषादाकडे जातो आणि तिथे हलका ‘हेड व्हॉइस’ लागतो. आपल्याकडे त्याला ‘खोटा आवाज’ म्हणून बाजूला ठेवलेलं असतं, म्हणून तो स्नायू कमावलेलाच नसतो. जुन्या गाण्यात परीक्षक बहुधा तोच शोधत असतात. पाश्चात्त्य गायन शिकवणाऱ्याकडे किमान सहा महिने तरी हवेत. तोवर जुनं गाणं तार पंचमाच्या फार वर न जाणारं घ्या.

दुसरं, शुद्ध गांधार. तानपुऱ्यावर जुळलेला गांधार पियानोच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एका अर्धस्वराचे १०० सेंट) खाली असतो. लांब धरला की साथीवर तो उतरलेला वाटतो, आणि मुलगी तर आपल्या मते अगदी सुरेल असते! रियाजाला तानपुरा बंद, पियानो चालू. गाण्यात मध्येच पट्टी बदलत असेल तर जुना षड्ज कानातून काढायचाही सराव लागेल.

मींड आणि मुरक्या जवळजवळ सगळ्या काढा. शब्द बोलल्यासारखा पडायला हवा.

साथीला_पियानो
बारचं गणित आधी समजून घ्या. १६ बार म्हणजे ठरावीक वेळ नव्हे. चार मात्रांचे १६ बार मिनिटाला १२० च्या लयीत ३२ सेकंदांत संपतात, ६० च्या लयीत ६४ सेकंद घेतात, आणि १८० च्या वॉल्ट्झमध्ये (तीन मात्रांचा बार) जेमतेम १६. म्हणून प्रत्येक गाण्याचे दोन काप तयार ठेवा, छोटा आणि ९० सेकंदांच्या आतला.

काप सहसा शेवटाकडून मोजत मागे या, कारण चढाव तिथे असतो. पण वाक्याच्या मध्यावर सुरू करू नका. एखादा बार जास्त झाला तर चालतं, अर्थ तुटला तर नाही. सुरुवातीचा पियानो फार तर दोन बार, किंवा नुसता एक सूर. शेवटच्या शब्दानंतरची लांबण कापून एक ठाशीव समेची थाप ठेवा.

कागद: तिच्या पट्टीत छापलेलेच न्या, वादकाला ऐनवेळी पट्टी बदलायला सांगू नका. ‘इथून’ आणि ‘इथे थांबा’ ठळक खुणा, वगळलेले बार पूर्ण झाकलेले. झेरॉक्समध्ये डाव्या हाताची खालची ओळ कापली जाते, ती तपासा. पाठपोट छापून तीन कड्यांच्या फाइलमध्ये लावा, चमकणारी प्लास्टिकची पाकिटं नकोत. लय सांगताना चुटक्या वाजवायच्या नाहीत, पहिली ओळ हळू गुणगुणायची. साथ फार किचकट असेल तर ते गाणं व्हिडिओसाठी ठेवा, अनोळखी वादकापुढे नको.

एडिसनकर
खूप आभार. एखादं नाट्यपद ऐकवलं तर?

विंगेतून
दोन मुख्य गाण्यांच्या जागी नाही. काही कॉलेजं मर्जीनुसार काहीही दाखवायचा एक मोकळा व्हिडिओ मागतात, तिथे जरूर. एका मिनिटाच्या आत, आलापी न करता थेट मुखड्यापासून, एक छोटी तान घेऊन संपवायचं. आणि प्रत्यक्ष ऑडिशनला ‘अजून काय आहे?’ असं विचारतात, त्यासाठी फाइलमध्ये आणखी चार-पाच इंग्रजी गाणी तयार असू द्या. त्यात एक पॉप किंवा रॉकचं हवंच.