गोटचं मैदान, आणि तुमच्या ओळखीतलं परत फिरलेलं कोणी

गवतीचहा:
काल भाचा पार्किंगमध्ये बॉल आपटत होता, धप धप धप, आणि एकदम न्यूयॉर्कचं घर आठवलं. 2003 ला आम्ही मॅनहॅटनमध्ये 99 व्या रस्त्याजवळ राहायचो, ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूला लागून बास्केटबॉलचं मैदान, सगळे गोट पार्क म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी सांगितलं कोण हा गोट. अर्ल मॅनिगो, आडनावाचा 'मॅनिगोट' असा उच्चार व्हायचा, त्यावरून गोट पडलं म्हणतात. हार्लेमचा पोरगा, उंची सहा फूट एक इंच, पण उडी अशी की स्वतःपेक्षा हातभर उंच खेळाडूंच्या वरून बॉल जाळीत घालायचा. करीम अब्दुल-जब्बार, बास्केटबॉलमधला एवढा मोठा खेळाडू, त्याला निवृत्तीच्या वेळी विचारलं सगळ्यात भारी कोण बघितलास, तर त्याने ह्याचं नाव घेतलं!! आणि हा एनबीएची, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगची, एकही मॅच खेळला नाही. शाळेतून काढलं, कॉलेज अर्ध्यात सोडलं, मग हेरॉइन, त्यासाठी चोऱ्या, 1969-70 मध्ये सोळा महिने तुरुंग. बाहेर आला आणि पोरं नशेपासून लांब राहावीत म्हणून ह्याच मैदानावर स्पर्धा सुरू केली. आजोबांचा मुलगा त्यात खेळलेला. ते सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता, तो अजून कानात आहे.
तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर लिहा ना. नाव नको.

पाचवीगल्ली:
माझा भाऊ. 88-89 ची गोष्ट, गर्दचा म्हणजे ब्राउन शुगरच्या नशेचा काळ, आमच्या गल्लीतली चार पोरं गेली. घरातली भांडी विकली त्याने, आईची पाटली पण. दोनदा आत जाऊन आला. ग्राउंडवरच्या एका काकांनी त्याला बॉलच्या खोलीची किल्ली दिली, म्हणाले सकाळी साडेपाचला तू उघडायचं. घरात आम्ही कपाटाची किल्ली लपवत होतो तेव्हा. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

दोनटाकी:
मुंबईतल्या नागपाड्याचा आहे म्हणून राहवत नाही. बाहेरच्यांना आमचं नाव घेतलं की भाईलोक आठवतात, आम्हाला बास्केटबॉल. नागपाडा नेबरहूड हाऊस 1927 चं, अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी काढलेलं. अब्बास मुंतसिर आमच्याकडचे, भारताचे कॅप्टन, 1970 चं अर्जुन अवॉर्ड. मी तेरा वर्षांचा असताना मटक्याच्या चिठ्ठ्या पोचवायचो, दिवसाचे दोन रुपये. कोचने पकडलं, मारलं नाही, ओरडला पण नाही, फक्त टीममधून महिनाभर बाहेर बसवलं, पण रोज यायचं आणि बसून बघायचं. त्या महिन्यात चिठ्ठ्या सुटल्या. आता रविवारी मी पोरं घेतो, बारा-पंधरा असतात, दोघं तरी कायम गैरहजर आणि त्यांच्या घरी जाऊन उठवावं लागतं

मोगरा२२:
@दोनटाकी दादा मुलगी आठ वर्षांची आहे, बॉल कुठला घेऊ? दुकानदार सात नंबर देतोय

दोनटाकी:
ताई अजिबात नको, सात मोठ्या पुरुषांचा. पाच नंबर घ्या, रबरी. चामड्याचा सिमेंटवर सोलून निघतो.

कोकमसरबत:
गोटबद्दल अर्धंच लिहिलंय. तो 1977 ला परत आत गेला होता, 1998 मध्ये 53 व्या वर्षी हृदयाने गेला. माझा मुलगा तीनदा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन परत घसरलाय, त्यामुळे 'सुधारला' हा शब्द ऐकला की मला त्रास होतो. राग नाही तुमच्यावर

गवतीचहा:
बरोबर आहे तुमचं, मी लिहायला हवं होतं. दुसऱ्यांदा सुटल्यावर पण तो पोरांमध्येच परत आला हो. मधे तो घसरला तरी आधीची पोरं वाचली ते काही पुसलं जात नाही. मुलगा कसा आहे आता?

कोकमसरबत:
घरी आहे. आज जेवला नीट.

मोगरा२२:
❤️ काकू

पाचवीगल्ली:
आले. तर भाऊ पहिले तीन दिवस गेलाच नाही, काका स्वतः साडेपाचला येऊन बंद दाराशी थांबायचे, दुसरी किल्ली होती तरी उघडायचे नाहीत, पोरं पण बाहेर उभी. चौथ्या दिवशी भाऊ गेला. आता 57 चा आहे, शाळेच्या मुलांना शिकवतो, गुडघे गेलेत तरी शिट्टी गळ्यात.

दोनटाकी:
काका आहेत अजून?

पाचवीगल्ली:
आहेत. दिसत नाही फारसं. संध्याकाळी भाऊ हात धरून ग्राउंडवर आणतो, बाकावर बसून बॉलचा आवाज ऐकतात, कोण चुकीचा ड्रिबल करतंय ते बरोबर सांगतात