विषय: सोलापुरात मुलांना बाहेर, मोकळ्यावर कुठे न्यावं?

नमस्कार मंडळी,

यंदा २० डिसेंबर ते १० जानेवारी आम्ही सासरी सोलापूरला आहोत. मुलं ११ आणि ७ वर्षांची. शिकागोत त्यांना सुट्टीच्या दिवशी तळ्याकाठी सायकल किंवा रानातली पायवाट लागते, घरात बसवत नाही. सासऱ्यांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "देवळं आहेत, चादरी आहेत, बाकी नुसता उन्हाचा माळ." अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर ठरलेलंच आहे. त्यापलीकडे पाणी, पक्षी, प्राणी असं काही आहे का? सोलापूरकरांनी कृपया सांगावं.

---

सूनबाई,

मी सध्या सोलापुरातच आहे, बाळीवेशीतल्या आमच्या जुन्या घरी. तुझ्या सासऱ्यांनी उत्तर देऊन टाकलंय, फक्त "नुसता" हा शब्द काढ.

आधी गावातलं पाणी. पहिल्याच दिवशी, प्रवासाने मुलांना पहाटे जाग येईलच, तेव्हा सिद्धेश्वर तलावावर जा. मधोमध मंदिर, काठावर भुईकोट किल्ला. हा तलाव सिद्धरामेश्वरांनी १२व्या शतकात लोकांच्या श्रमांतून खोदून घेतला. नदी लांब असलेल्या गावात पाणी साठवणं हेच मोठं पुण्य होतं. विजापूर रोडवरचा कंबर तलाव पक्ष्यांसाठी बरा. तिथे काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा पाणपक्षी दिसला तर मुलांना सांग, त्याचं मराठी नाव वारकरी. कपाळावरचा तो बुक्क्याउलट पांढरा टिळा त्यांच्या लगेच लक्षात राहील. तुळजापूर रोडला हिप्परग्याचा तलाव आहे, कागदोपत्री एकरुख. इंग्रजांच्या काळात आदिला नदी अडवून बांधलेला. थंडीत तिथे चक्रवाक येतात, आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही. दुर्बीण मात्र हवीच, पक्षी लांब बसतात.

आता माळ. बार्शी रस्त्याला साधारण २० किलोमीटरवर नान्नज. तिथलं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं, तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं त्यात आली होती. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं.

मी नववीत असताना वडिलांनी स्कूटरवर मागे बसवून मला तिथे नेलं होतं. पावसाळा होता, गवत गुडघ्याला लागत होतं. लांबवर माळढोकाचा एक नर उभा होता. गळ्याखालची पिशवी फुगवून अगदी जमिनीला टेकेल इतकी लोंबत सोडलेली, शेपटी पाठीवर उलटी. आणि त्याचा तो घुमणारा आवाज! कानांआधी छातीत जाणवतो. वडील काही बोलले नाहीत, नुसता माझा खांदा दाबून धरला होता.

काकू

---

काकू, तुमचं मेल वाचून अंगावर काटा आला. पण मुलांना आधीच आशा लावू नये असं मला वाटतं. नान्नजला माळढोक आता दिसत नाही. मग ७ वर्षांच्या पोराला तासभर वाळलेलं गवत दाखवून काय मिळणार? त्यापेक्षा भिगवणला न्या, उजनीच्या पाण्यात होडीतून रोहित पक्षी दिसतात.

— मंडळातला एक दादा, मूळ मंगळवेढा

---

दादा, खरं आहे, माळढोक दिसणार नाही. अलीकडच्या वर्षांत तिथे एखाददुसऱ्याचीच नोंद झाली. देशभरात मिळून दीडशेच्या आतच उरलेत, बहुतेक सगळे राजस्थानात. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, नजर दोन्ही बाजूंना जास्त. त्यामुळे एवढा जड पक्षी विजेच्या तारांवर आदळतो. आणि पाणी आलं तसा ऊस आला, माळ नांगराखाली गेला. उरलेल्या माळावर झाडं लावली तरी त्याचं नुकसानच, कारण त्याला लांबवर मोकळं दिसायला हवं. ही गोष्ट ११ वर्षांच्या मुलीला जागेवर उभं करून सांगावी असं मला मनापासून वाटतं. माळ म्हणजे पडीक जमीन, हे आपण शाळेत शिकलो. तिने तरी तसं शिकू नये.

आणि गवत काही रिकामं नाही. काळविटांचे कळप खात्रीने दिसतात, धावताना उंच उड्या मारतात. खोकड, म्हणजे लहान कोल्हा, दिसतं, धाविक पक्षी दिसतो, गवतावर खालून तरंगत जाणारे भोवत्या ससाणे दिसतात. लांडगा दिसला तर भाग्य, आमच्या भावाला मागच्या थंडीत दिसला. चौकीवर नोंद करून सकाळी सातच्या आत जा. मातकट रंगाचे कपडे घाला, गाडीतून उगाच उतरू नका, जमिनीवर घरटी असतात म्हणून वाटेवरूनच चाला.

भिगवणबद्दल एक सांगते. रोहित उथळ पाण्यात उभे राहून खातात. डिसेंबरात उजनी भरलेली असते, त्यामुळे थवे कमी. पाणी उतरू लागलं की, जानेवारीपासून, चिखल उघडा पडतो आणि मग ते येतात. म्हणून परतीच्या वाटेवर, पुण्याला जाताना कुंभारगावला पहाटे थांबा. मुद्दाम सोलापुरातून जाऊन येऊ नका.

---

पटलं, काकू. मग मीही दोन गोष्टी सांगतो. एक, हत्तरसंग कुडल. भीमा-सीनेचा संगम, शहरापासून ४० किलोमीटरच्या आसपास. पाणी संथ, काठावर सावली, मुलांना दगड फेकायला वाव. तिथे शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठीतला शिलालेख आहे, सोलापूरच्या आनंद कुंभारांनी उजेडात आणलेला. शिवाय ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे, धाकट्याला मोजायला लावा.

दुसरं, हुरडा. डिसेंबरअखेर ज्वारी दाण्यात भरते. ओळखीच्या शेतकऱ्याकडे जा, हॉटेलवाल्यांच्या पार्टीला नको. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारायची आणि शेंगाचटणी, गूळ, दह्याबरोबर खायचं. गुळभेंडी ज्वारी मिळाली तर सोडू नका. आमच्या वाडीवर चुलतभाऊ आहे, मी त्याला सांगून ठेवतो.

नळदुर्गच्या नर-मादी धबधब्याचं कुणी सुचवेल, पण तो पावसाळ्यातला. आता किल्ला बघायला जा, पाण्याची आशा नको.

---

काकू, दादा, खूप आभार. मुलगी कालपासून माळढोकाचं चित्र काढतेय, गळ्याच्या पिशवीसकट. सासऱ्यांना नान्नज सांगितलं तर म्हणाले, "तिथे मी १९८२ला गेलोय, येतो मी पण." हे त्यांनी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

एक विचारायचं होतं. आमचं परतीचं तिकीट १० जानेवारीचं आहे. बदलावं का?

---

बदल! संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा आहे. आदल्या दिवशी सातही नंदीध्वज ६८ लिंगांना तैलाभिषेक करत गावभर फिरतात, संक्रांतीला संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता. नंदीध्वजांच्या उंच काठ्या तोलत मैलोन्‌मैल चालणारी माणसं बघायला मुलांना तलावाकाठीच उभं करू. किमान १६ तारखेपर्यंत थांबा, आणि उतरायला आमच्याकडे या. गच्ची मोठी आहे.

काकू