लंडनमध्ये एका पत्त्यावर डझनभर कंपन्या, घोडबंदरला दोनच: असं का?

कासारवडवलीकर
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी ४ विंगची, प्रत्येक विंगेत ५६ फ्लॅट. ब्रॉडबँड दोघांकडूनच मिळतं. १०० एमबीपीएसचे ६९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८२५. लंडनला भाऊ १५० एमबीपीएसचे २८ पौंड भरतो, पण त्याला डझनभर कंपन्यांतून निवडता येतं. स्वस्त नक्की कोण? आणि आम्हाला तिसरी कंपनी का मिळत नाही?

हिशेबी
आधी दोन्ही आकडे एका पातळीवर आणा. ब्रिटनच्या जाहिरातीतल्या दरात २० टक्के व्हॅट धरलेला असतो, आपल्याकडे जीएसटी वरून लागतो. अमेरिकेत कर वेगळे आणि मोडेमचं भाडंही बऱ्याचदा वेगळं. कराराच्या सगळ्या महिन्यांचे हप्ते, इन्स्टॉलेशन, राउटरचं भाडं आणि कर यांची बेरीज करा, तिला महिन्यांनी भागा. येणारा आकडा खरा दर.

ब्रिटनमध्ये करार १८ किंवा २४ महिन्यांचा, मधे दरवाढही होते. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत ती किती पौंड-पेन्सची असेल हे आधीच सांगावं लागतं. आपल्याकडे ६ किंवा १२ महिने आगाऊ भरायला लावतात. घर बदललं तर उरलेले पैसे परत मिळतील का, हे लेखी घ्या. अपलोडही बघा. इथल्या फायबर प्लॅनमध्ये तो बहुधा डाउनलोडइतकाच असतो, तिकडे बराच कमी. ‘अनलिमिटेड’ला मात्र आपल्याकडे महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा सर्रास असते.

आता खिशाचं. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाचं २०२५ साठीचं लक्ष्य होतं की विकसनशील देशांत सुरुवातीच्या दर्जाचं ब्रॉडबँड दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत मिळावं. भारताचं हे उत्पन्न वर्षाला सुमारे अडीच हजार डॉलर, महिन्याला साधारण साडेसतरा हजार रुपये. २ टक्के म्हणजे ३५०. ३९९चा प्लॅनसुद्धा करासह ४७१ला पडतो. तुमच्या भावाचे २८ पौंड तिथल्या सरासरी उत्पन्नाच्या १ टक्क्याच्याही आत बसतात. रुपयांत आपण स्वस्त, कमाईच्या मानाने नाही.

पामबीच_सानपाडा
निवडीचा प्रश्न तार कोणाच्या मालकीची यावर ठरतो. लंडनमधल्या त्या डझनभर कंपन्यांपैकी बहुतेक ओपनरीच या तारांचं जाळं चालवणाऱ्या कंपनीच्याच तारेवर सेवा विकतात. १२ सप्टेंबर २०२४ पासून तिथे नव्या कंपनीला कळवलं की पुरतं, जुनीकडचं काम तीच बघते. सिंगापूरमध्ये फायबरची तार नेटलिंक या कंपनीची, विक्रेते अनेक. अमेरिकेत ज्याची केबल त्याचाच ग्राहक, त्यामुळे पुष्कळ भागांत एकदोनच पर्याय. आपण अमेरिकेच्या जवळचे: प्रत्येक कंपनीला स्वतःची फायबर घरापर्यंत ओढावी लागते. दोघे आधीच आत असलेल्या इमारतीत तिसऱ्याला खर्च परवडत नाही.

फायबरजोडणी_ठाणे
म्हणून इमारतीतली तार सोसायटीनेच टाकावी. फ्लॅटमागे २ कोर (केबलमधले काचेचे धागे), एक चालू आणि एक राखीव. ५६ फ्लॅटला ११२ कोर होतात, तेव्हा विंगेला १४४ कोरची केबल. सगळे कोर तळमजल्यावरच्या पॅच पॅनेलवर (जोडण्यांच्या फळीवर) उतरवा, कंपन्यांचे स्प्लिटरही (एका फायबरचा सिग्नल अनेक घरांत वाटणारे डबे) तिथेच. मग कंपनी बदलणं म्हणजे एक पॅचकॉर्ड (जोडणीची छोटी तार) काढून दुसरीकडे लावणं.

कनेक्टर सगळीकडे हिरवे, म्हणजे तिरक्या टोकाचे एससी-एपीसी. निळ्यांचं टोक तसं तिरकं नसतं. निळा हिरव्यात खुपसला तर टोकं नीट भिडत नाहीत आणि सिग्नल पडतो. फ्लॅटमधल्या ओएनटीवर (फायबर जिथे येऊन जुळते त्या डब्यावर) सिग्नलची ताकद उणे १५ ते उणे २५ डीबीएम हवी. ती उणे २७च्या खाली गेली की लाल दिवा लुकलुकायला लागतो.

गच्चीवरून इमारत-ते-इमारत कॅट-५ (तांब्याची नेटवर्क केबल) ओढू देऊ नका. पावसाळ्यात वीज कडाडली की स्विचचे पोर्ट जातात, आणि कॉमन मीटरची वीज गेली की सगळा मजला बंद. फायबरच्या स्प्लिटरला वीज लागतच नाही.

कासारवडवलीकर
छान समजलं. एका स्प्लिटरवर किती घरं चालतील?

फायबरजोडणी_ठाणे
जीपॉन या फायबर पद्धतीत एका तारेचे २,४८८ एमबीपीएस सगळ्यांत वाटले जातात. ३२ घरं एकदम ओढायला लागली तर प्रत्येकी ७८. करारात १:३२च (एका तारेवर ३२ घरं) लिहा, १:६४ला मान्यता देऊ नका. आणि एजीएमआधी बिल्डरने कोणाशी एकाधिकाराचा करार केलाय का ते कागदपत्रांत शोधा. तो असेल तर आधी तो सोडवावा लागेल, केबल नंतर.