पाला कुजत नाही? लघवी चालते की!

एकानं विचारलंय की खतासाठी ढीग केलेला वाळला पाला सहा महिने तसाच पडलाय, शहरात शेण कुठनं आणायचं, त्यावर माणसाची लघवी ओतली तर चालंल काय. चालतंय की हो, बिनधास्त ओता. आमच्याकडं खानापूर बाजूला परसात उसाचं पाचट आणि फणसाचा पाला ढिगानं, त्यात सगळा कार्बनच, नायट्रोजन जवळपास नाहीच, मग पाला कुजवणारे जिवाणू उपाशी राहणार नाहीतर काय. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण 25-30 ला 1 असावं लागतंय, पाचटात ते 100 च्या आसपास किंवा वरच असतंय. लघवीतला नायट्रोजन म्हणजे मुख्यतः युरियाच, पोत्यातल्यासारखाच, फक्त फुकटातला.

आता वासाचं. ताज्या लघवीला फारसा वास नसतोय, डबा उघडा ठेवला की युरियाचा अमोनिया होतोय आणि नाकात झणका बसतोय तो म्हणजे तुमचा नायट्रोजनच उडून चाललाय! म्हणून साठवत बसू नका, रोजच्या रोज ओता आणि वर लगेच सुका पाला नाहीतर लाकडाचा भुसा दाबा. पावसाळ्यात ढिगावर ताडपत्री हवीच, आपल्याकडचा पाऊस सगळं धुवून नेतोय.

घरात कुणाला इन्फेक्शन असंल, अँटिबायोटिक चालू असंल तर त्यांची नको. लघवीत मीठही असतंय, त्यामुळं थेट कुंडीत ओतायची तर दहापट पाणी घाला.

आमची आज्जी नाक मुरडत्या, गोमूत्र मात्र दारात शिंपडत्या.