कबुलीवर झालेली जुनी शिक्षा पुढच्या खटल्यात मोजावी का?

वाईचा वकील: भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३०३(२) मध्ये चोरीत दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला किमान १ वर्ष सक्तमजुरी, कमाल ५. ती पहिली शिक्षा कशी होते ते मी रोज बघतो. केबलचोरीचा आळ, जामीनदार नाही, चार महिने आत. मग कोणीतरी कानात सांगतं, ‘कबूल कर, भोगलेल्यात सुटशील.’ पोरगं कबूल करतं आणि संध्याकाळी घरी जातं. कबुलीनंतर अपील जवळपास शिक्षेपुरतंच उरतं. वकील न देता घेतलेली कबुली पुढे शिक्षा वाढवायला वापरू नये, आणि हे त्या पुढच्या खटल्यातच मांडता यावं. मोफत वकिलाचा हक्क आरोपीला सांगणं मॅजिस्ट्रेटचं काम आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९८६ लाच सुक दास खटल्यात ठरवलंय.

तासगावचा बागायतदार: साहेब, माझ्या विहिरीवरची केबल तीनदा गेली. तिसऱ्यांदा ऐन छाटणीनंतर. चोराला तांब्याचे हजार-दोन हजार मिळतात, माझी बाग वाळते. ठाण्यात गेलं की वर ‘पावती आणा’! न केलेली चोरी मी तरी कबूल करणार नाही.

वाईचा वकील: चार महिने आत बसून मग सांगा.

मिरजेचा निवृत्त कोर्ट कारकून: आजही जुनी शिक्षा नाकारता येते. मग सरकारी पक्षाने निकालाची नक्कल किंवा तुरुंगाचा दाखला आणायचा, आणि माणूस तोच हेही दाखवायचं. पण तपासणी तेवढीच. शिक्षा चुकीची होती का, हे उकरायचं म्हटलं तर बारा वर्षांपूर्वीचा रोजनामा, म्हणजे खटल्याच्या रोजच्या कामाची नोंद, कोण शोधणार? मी शोधलेत. निम्मे वाळवीने खाल्लेले. म्हणजे कागद नाही म्हणून सराईत मोकळा.

फलटणची पारधी: कागद सरकारने सांभाळायचा, वाळवीची शिक्षा आमच्या पोरांना का? १८७१ पासून आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने आमच्यासारख्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. १९५२ ला तो गेला, १९५९ ला मुंबईचा सराईत गुन्हेगार कायदा आला. दादा, तुमची केबल गेली की पहिली गाडी आमच्या पालावर येते.

तासगावचा बागायतदार: ताई, ते चूकच. पण माझा चोर गावातलाच निघाला, जळालेल्या पंपांच्या मोटारी तार भरून देणारा. मागच्या वेळी त्याने पैसे मोजून वकील दिला होता. त्याची तरी जुनी शिक्षा मोजाल का नाही?

वाईचा वकील: त्याची खुशाल मोजा. फक्त ती जुन्या दंड संहितेच्या चोरीच्या कलमाखालची, म्हणजे ३७९ खालची, असेल तर सरकारी वकिलाला घाम फुटेल. नव्या कलमात ‘या कलमाखाली’ दुसऱ्यांदा असे शब्द आहेत. आमच्या बार रूममध्ये त्यावरून चहा गार होतो.