अमेरिकेत उमेदवार आधीच ठरलेला असतो तर मग ते चार दिवसांचं अधिवेशन कशाला?

हापूसवाला_पावस
मंडळी जरा मदत करा, घरात दोन दिवस वाद चाललाय. न्यू जर्सीचे भावोजी व्हिडिओ कॉलवर म्हणाले की आमच्याकडे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार प्रायमरीतच, म्हणजे राज्याराज्यांत मतदार पक्षाच्या उमेदवारीसाठी मतं देतात त्या निवडणुकीतच, ठरून जातो, नंतरचं ते कन्व्हेन्शन म्हणजे छतावरून फुगे सोडायचा कार्यक्रम. झालं, बाबा उखडले. त्यांचं म्हणणं, तिकडे देशभरातून आलेले कार्यकर्ते एका हॉलमध्ये बसून उघड मतदानाने उमेदवार ठरवतात, आपल्यासारख्या एबी फॉर्मसाठी मुंबईच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. ही बाबांची दुखरी नस आहे. त्यांचा एक मित्र नगरपरिषदेला तिकिटाच्या भरवशावर बॅनर छापून बसलेला आणि शेवटच्या दिवशी पावणेतीनला एबी फॉर्म घेऊन उगवला भलताच, तीनला मुदत संपली. ते बॅनर अजून आमच्याकडे आंब्याच्या पेट्या झाकायला वापरतो. तर बरोबर कोण? पैज लागलीय, हरेल त्याने मिरकरवाड्यावरून सुरमई आणायची, आणि सध्याचा भाव बघता मला नीट उत्तर पाहिजे.

कट्टेकरी_चिपळूण
भावोजी बरोबर, पण गेल्या पन्नासेक वर्षांपुरतेच. त्याआधी खरोखर हॉलमध्येच ठरायचं. अगदी सुरुवातीला तर पक्षाचे खासदार आपसात बसून नाव काढायचे, त्याला लोक वैतागले आणि १८३१ मध्ये अँटी-मेसोनिक नावाच्या एका छोट्या पक्षाने बाल्टिमोरला पहिलं असं अधिवेशन भरवलं, पुढच्या वर्षी डेमोक्रॅट्सनी तिथेच. लिंकनचंच बघा ना, १८६० ला शिकागोत मतदानाच्या पहिल्या फेरीत स्यूअर्ड पुढे होता, लिंकन तिसऱ्या फेरीत निवडून आला, आणि मधल्या वेळात त्याच्या माणसांनी कोणाकोणाला काय शब्द दिले त्यावर अजून वाद घालतात लोक. १९२४ ला न्यूयॉर्कात तर डेमोक्रॅट्सनी कहरच केला, मॅकअडू आणि अल स्मिथ दोघेही हटेनात, उमेदवाराला दोन तृतीयांश मतं लागायची त्यामुळे कोणाचंच जमेना, १०३ फेऱ्या झाल्या आणि शेवटी तिसराच, जॉन डेव्हिस, आणि तो पण नंतर मुख्य निवडणुकीत रिपब्लिकन कूलिजकडून पडला. दोन तृतीयांशचा नियम १९३६ ला काढला.
१९६८ ला पुन्हा शिकागो, या वेळी डेमोक्रॅट्सचं. तेव्हाचा उपराष्ट्राध्यक्ष हम्फ्री, त्याने एकही प्रायमरी लढवली नव्हती तरी उमेदवारी त्यालाच, बाहेर रस्त्यावर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातल्या पोरांना पोलीस झोडपतायत आणि हे सगळं टीव्हीवर. त्यानंतर पक्षाने नियम बदलले आणि १९७२ पासून प्रायमरीचं महत्त्व वाढलं. दुसऱ्या फेरीची वेळ शेवटची आली ती १९५२ ला, म्हणजे तुमच्या बाबांच्या जन्माच्या आसपास असेल.

गजालीकार_मालवण
१०३ फेरे!! आमच्या रवळनाथाक इतके कौल लावले तर देव पण उठान जायत.
बाकी मला त्यातलं रोल कॉल प्रकरण लय आवडतं. एकेका राज्याचं नाव पुकारतात, त्यांचा माणूस उठतो, आधी आपल्या राज्याची पाच मिनिटं तारीफ आणि मग आमची इतकी मतं अमुकला. २०२० ला कोविडमुळे डेमोक्रॅट्सनी ते ऑनलाइन केलं, प्रत्येकाने आपापल्या गावातून व्हिडिओ द्यायचा. ऱ्होड आयलंडवाल्यांचा मी दहा वेळा बघितला असेन. किनाऱ्यावर एक माणूस भाषण करतोय आणि बाजूला काळ्या मास्कमधला शेफ हातात तळलेल्या माकुलांचं (स्क्विडचं) ताट घेऊन गप उभा, शब्द नाही तोंडातून. कॅलामारी म्हणतात तिकडे, त्यांच्या राज्याचं अधिकृत स्टार्टर आहे ते. आई म्हणाली, मेल्यांनी बरोबर चटणी पण दाखवली नाय. इकडे बंदरावर तीच माकुलं बोर्डावर कॅलामारी लिहिलं की दुप्पट दराने जातात ते सोडा.

वकील_दापोली
वरच्या दोघांचं वाचून भावोजी जिंकले असं समजू नका. प्रायमरीत मतदार निवडतात ते प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट. पक्षाचा उमेदवार अधिकृत होतो तो त्या डेलिगेटांच्या मतांनीच, आणि तेच नाव मग राज्याराज्यांत मतपत्रिकेसाठी कळवलं जातं. एरवी ही औपचारिकता वाटते, पण २०२४ आठवा. बायडेन यांच्याकडे जवळपास ३,९०० डेलिगेट होते, प्रायमऱ्या संपलेल्या, आणि २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. आता हे डेलिगेट कोणाचे? कोणाचेच नाहीत, मोकळे. कमला हॅरिस यांचं नाव त्या वर्षीच्या प्रायमरीत अध्यक्षपदासाठी नव्हतंच, तरी त्या उमेदवार झाल्या त्या या लोकांच्या मतावर. पण गंमत अशी की ते मतदान झालं ऑनलाइन, ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात उरकलं, आणि शिकागोचं अधिवेशन १९ तारखेपासून. म्हणजे इतक्या वर्षांनी डेलिगेटांच्या हातात खरी ताकद आली आणि ती त्यांनी घरी बसून कॉम्प्युटरवर वापरली, हॉलमध्ये राहिला तो डीजे. डेमोक्रॅट्सचा नियमही डेलिगेटाला बेडी घालत नाही, ज्यांनी निवडून दिलं त्यांच्या भावना मनोदेवतेला स्मरून मांडाव्यात असं काहीसं म्हणतो. रिपब्लिकनांकडे पहिल्या फेरीत बांधून ठेवणं जास्त कडक आहे.
पक्षाचा जाहीरनामा आणि पुढच्या वेळचे नियम पण अधिवेशनातच मंजूर होतात, त्याच्या बातम्या येत नाहीत एवढंच.

पालखी_गुहागर
वकीलसाहेब डीजेला नावं ठेवू नका, आमच्या शिमग्यात पण पालखी कुठल्या घरी जाणार ते आधीच ठरलेलं असतं, म्हणून काय नाचवायची नाही का? मानाचं बघा त्यात. २०२४ ला शिकागोत मतदान आधीच उरकलेलं तरी हॉलमध्ये मानाचा रोल कॉल झालाच, त्याची सुरुवात बायडेन यांच्या डेलावेअरने केली, शेवटी मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया, म्हणजे उपाध्यक्षपदाचे उमेदवार वॉल्झ आणि हॅरिस यांची राज्यं. त्याच वर्षी रिपब्लिकनांच्या मिलवॉकीच्या अधिवेशनात ट्रम्प यांचा बहुमताचा आकडा फ्लोरिडाच्या मतांनी ओलांडला आणि ते जाहीर करायला उभा कोण तर त्यांचाच मुलगा एरिक. पहिला खांदा कोणाचा यावरून आमच्याकडे दोन वाड्या चार वर्षं बोलत नव्हत्या, त्यामुळे मला तरी हे नुसते फुगे वाटत नाहीत.

कट्टेकरी_चिपळूण
आणि टीव्हीवर फुकट प्रसिद्धी, ते राहिलंच. २००४ ला बोस्टनच्या अधिवेशनात ओबामांनी मुख्य भाषण केलं तेव्हा ते इलिनॉयच्या विधिमंडळात होते, देशात फारसं कोणी ओळखत नव्हतं, चार वर्षांनी स्वतःच उमेदवार.

हापूसवाला_पावस
सगळ्यांचे आभार, बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. १०३ फेऱ्यांना खुश झाले, १९७२ ला तोंड वाकडं केलं आणि मनोदेवतेवर थांबवून मला तेवढं परत वाचायला लावलं. म्हणाले आपल्याकडे एबी फॉर्मवर ही ओळ छापा. माकुलांचा व्हिडिओ पण दाखवला, तर कढी कुठाय विचारतायत.
पैज बरोबरीत सोडवली, सुरमई अर्धी अर्धी. भावोजी म्हणाले माझे पैसे पाठवून देतो. बाबा म्हणतायत पैसे नकोत, हरलात तर जेट्टीवर येऊन आणायची ठरलेली, ऑनलाइन मतदान इथे चालणार नाही.