जळगावच्या उन्हाळ्यात वाइन आणि क्राफ्ट बिअर: दुकानात ठेवायची कशी?

गिरणाकाठ यांचा प्रश्न:

जळगावात बिअर शॉपी आहे, एफएल/बीआर-२ लायसन (सीलबंद बिअर-वाइन विकायचं). गाळा १० बाय १८, वर स्लॅब, पश्चिमेची भिंत दुपारनंतर तव्यासारखी तापते. काचेच्या दाराचे दोन व्हिजी कूलर आणि मागे ६ बाय १० ची खोली, तीच गोडाऊन. आजवरचा धंदा स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीवर. आता नाशिकच्या वाइनची २० लेबलं आणि क्राफ्ट बिअरची (छोट्या ब्रूअरींची खास बिअर) ६-७ ठेवायचा विचार आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला जातो तेव्हा हा माल टिकतो का? मागच्या खोलीत डेझर्ट कूलर लावला तर भागेल का? आणि पहिल्या खेपेला किती माल उचलावा? ज्यांना यातलं कळतं त्यांनी नीट सांगा, "नशीब आजमाव" छापाचा सल्ला नको.

---

वाघूर

राम राम भाऊ. आधी लायसनचा मंजूर नकाशा काढा. मागची खोली त्यात दाखवलेली नसेल तर तिथे एक बाटलीही ठेवू नका. असेल तर पुढचं वाचा.

वाइनला उष्णता कशी मारते ते एका हिशोबात कळतं. बाटलीत ७५० मिली वाइन, तिच्यावर बुचाखाली साधारण दीड सेंटिमीटर मोकळी जागा, म्हणजे जेमतेम ४ मिली. २५ अंशाची वाइन ४२ अंशाला गेली की सुमारे ५ मिलीने फुगते. तिला जागाच उरत नाही, मग बूच वर ढकललं जातं आणि वाइन कडेने झिरपते. रात्री खोली थंड झाली की वाइन आकसते आणि त्याच वाटेने हवा आत ओढते. असं पंधरा दिवस चाललं की लाल वाइन उकडलेल्या मनुकांसारखी लागते, पांढरी पिवळट-तपकिरी होते. आट्याच्या झाकणातून गळती कमी, पण चव तिथेही शिजतेच. झाकण हवा अडवतं, उष्णता नाही.

माल उतरवून घेताना खोका फोडायचा आणि हात लावून पाहायचं. बाटली कोमट लागली, बूच तोंडाच्या वर आलेलं दिसलं किंवा वरच्या टोपणाखाली चिकट ओघळ असला तर ती पेटी जागेवर परत. सही केल्यावर कोणी ऐकत नाही. नाशिकहून धुळ्यापर्यंत दीडशेच्या वर किलोमीटर, तिथून पारोळा-एरंडोलवरून जळगाव. मे मध्ये बंद टेम्पो दुपारी या रस्त्याने आला तर नुकसान गाडीतच झालेलं असतं. वाहतूक पासची वेळ बघून होलसेलरला रात्री गाडी भरायला सांगा.

डेझर्ट कूलरचं म्हणाल तर नको. एप्रिलच्या कोरड्या हवेत तो खोली २८ पर्यंत आणेलही, पण वाइनला २८ म्हणजे गरमच. वर दमटपणामुळे लेबलं सुटतात, खोक्यांना बुरशी धरते. पावसाळ्यात तर त्याचा उपयोग शून्य.

६ बाय १० ला १ टनाचा इन्व्हर्टर एसी पुरतो, पण आधी पश्चिमेच्या भिंतीला आणि स्लॅबच्या खालून ५० मिमी थर्मोकोल, त्यावर जिप्सम बोर्ड. ते न करता एसी लावला तर एसी भिंत गार करत बसतो. सेटिंग १८. वर्षानुवर्षं मुरवायच्या वाइनला १२ ते १५ लागतं, तुम्हाला मुरवायची नाही, विकायची आहे. बुचाच्या बाटल्या आडव्या, आट्याच्या उभ्या चालतात.

आणि भिंतीवरच्या थर्मामीटरवर विसंबू नका, तो हवेचा आकडा सांगतो. रिकाम्या बाटलीत पाणी भरा, त्यात तार सोडायचा डिजिटल थर्मामीटर घाला आणि ती बाटली सगळ्यात वरच्या फळीवर ठेवा. मालाचं खरं तापमान तेच.

---

पऱ्हाटी

वाइनचं वाघूरभाऊंनी सांगितलं. क्राफ्ट बिअर त्याहून नाजूक.

नेहमीची बाटलीतली बिअर पाश्चराइज केलेली (तापवून जंतू मारलेली) असते, बऱ्याच क्राफ्ट बिअर तशा नसतात. ऑर्डर देण्याआधी होलसेलरला हाच पहिला प्रश्न विचारा. ब्रूअरीवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: ३२ अंशाला ३ दिवस, २२ अंशाला ३० दिवस आणि ३ अंशाला ३०० दिवस, बिअरची झीज तिन्हीकडे सारखीच. आपल्याकडचं मे मधलं गोडाऊन ४० ला असतं. म्हणजे "पेट्या खाली राहू दे, विकल्या तशा कूलरमध्ये भरू" ही स्ट्राँगची सवय इथे चालत नाही. कूलरमध्ये जेवढी जागा तेवढीच क्राफ्ट उचलायची.

बिघडते ती अशी. आयपीएत (जास्त हॉप्सची कडवट बिअर) आधी हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, वास जातो आणि नुसता कडवटपणा उरतो. मग ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, हे ऑक्सिजनचं काम. यीस्ट जिवंत असलेली बिअर तापली तर आत पुन्हा आंबते आणि झाकण उघडताच फेसाचा कारंजा उडतो. तिसरा शत्रू उजेड. ऊन हॉप्समधल्या कडू घटकांना फोडतं आणि काही मिनिटांत गंधकी, उग्र वास धरतो. तपकिरी काच हे बरंच अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच जवळपास नाहीच, कॅन पूर्ण अडवतो. त्यामुळे रस्त्याकडे तोंड असलेल्या कूलरच्या पुढच्या रांगेत हिरव्या बाटल्या मांडू नका, कितीही छान दिसल्या तरी.

एक गैरसमज मात्र सोडा. थंड बिअर एकदा कोमट झाली की संपली, असं नसतं. एकूण किती तास उष्णतेत गेली त्यावर सगळं. तासाभराच्या भारनियमनाने काही होत नाही, दार बंद ठेवा आणि खालच्या खणात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या कायम असू द्या, गारवा धरून ठेवतात.

व्हीट बिअर (गव्हाची) ढगाळ असते आणि तळाला गाळ बसतो. गिऱ्हाईक "खराब आहे" म्हणून परत आणणारच. काउंटरवरच्या पोराला शिकवा: तीनचतुर्थांश ओता, उरलेली हलकेच फिरवा, मग तीही ओता. पण झाकण फुगलेला कॅन परत आला तर वाद न घालता घ्या.

---

तापीकाठचा

दोघांचं बरोबर, पण भो, एसीची खोली हा पहिल्या वर्षीचा खर्च नाही. २० लेबलंही नको.

८ लेबलं घ्या: पांढऱ्यात चेनिन ब्लाँ दोन (एक थोडी गोडसर) आणि सोव्हिन्यों ब्लाँ एक, गुलाबी रोझे एक, लालमध्ये शिराझ दोन आणि कॅबरने एक, आणि गोड पोर्ट एक. पोर्टला नाक मुरडू नका, सुरुवातीला काउंटरवर तीच चालते आणि तिच्यातलं गिऱ्हाईक वर्षभराने चेनिनवर येतं. होलसेलर पेटी फोडून देत असेल तर ६-६ बाटल्या, नसेल तर १२-१२. म्हणजे जास्तीत जास्त ९६ बाटल्या, त्या एका स्वतंत्र कूलरमध्ये बसतात. तो कूलर १२ अंशावर लावा. बिअरच्या ३ अंशाच्या कूलरमध्ये लाल वाइन महिनोन्‌महिने ठेवू नका, त्या गारठ्यात तिचा वास दबतो आणि तळाला खडे धरतात. होळीनंतर पाऊस पडेपर्यंत बुचाची लाल नव्याने उचलायचीच नाही, आहे ती संपवायची.

बिअरच्या बाटलीवर मुदत असते, वाइनवर नसते, म्हणून दुकानदार निर्धास्त राहतात आणि फसतात. लेबलवरचं पीक-वर्ष बघा. नाशिककडची वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. साधी पांढरी आणि रोझे त्या वर्षापासून दोन वर्षांच्या आत विकली पाहिजे. लाल थोडी पुढे जाते, रिझर्व्ह असेल तर चार-पाच वर्षंही, पण तुमच्या फळीवर नाही. होलसेलर "स्कीम" देतो तेव्हा वर्ष आधी वाचा, बहुतेकदा स्कीमचं कारण तिथेच छापलेलं असतं.

मुदत जवळ आलेला माल परत घेणार की नाही, हे पहिल्या बिलाआधी लिहून घ्या. आणि बऱ्हाणपूर-सेंधव्याकडून स्वस्त पडतं म्हणून काही आणू नका. परराज्यातला माल आपल्या फळीवर सापडला तर एक्साइज लायसनला हात घालतं.

आता विकायचं कसं. दुकानात चाखवता येत नाही, सीलबंदच द्यायचं, म्हणून जेवणावरून सांगा. शेवभाजी किंवा काळ्या रश्श्याबरोबर आयपीए कधीच सुचवू नका: तिखटावर कडवट बिअर अजून कडू लागते आणि अल्कोहोल जितकं जास्त तितकी जीभ जास्त भाजते. तिथे गोडसर चेनिन किंवा व्हीट बिअर. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यात हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, त्याला सोव्हिन्यों ब्लाँ. तिच्यातला हिरवट वास पातीशी जुळतो. काळ्या मसाल्याच्या मटणाला शिराझ चालते, पण तिखट बेताचं असेल तरच. वाइनचा तुरटपणा आणि मिरची एकत्र आले की तोंड खरखरीत होतं.

लाल वाइन "रूम टेंपरेचरला" प्यायची हे वाक्य आपल्याकडे विसरा. ते १६ ते १८ अंशाबद्दल आहे, आपली रूम ३५ ला असते. गिऱ्हाइकाला सांगा, लाल असली तरी पिण्याआधी तासभर फ्रिजमध्ये. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ३-४ दिवस, पोर्ट दोन-तीन आठवडे.

---

गिरणाकाठ

एसी या वर्षी नाही, तिसरा कूलर घेतो. पण आत्ताचे दोन कूलर मे मध्ये दुपारी ९-१० अंशाच्या खाली उतरतच नाहीत. गॅस भरून झाला, फरक नाही.

---

वाघूर

गॅस नसेल तो. मागची प्लेट बघा, त्यावर "टी" असेल. टी वर्गाची मशीन ४३ अंशाच्या हवेपर्यंतच धरलेली असते. तुमच्या गाळ्यात कूलरच्या मागची हवा ४५ च्या वर जाते, मग कॉम्प्रेसर अखंड चालतो आणि तरी हरतो. भिंतीपासून १५ सेंटिमीटर पुढे ओढा, वरचे खोके काढा, पश्चिमेच्या भिंतीला असेल तर जागा बदला. दुपारी गरम बिअरची नवी पेटी आत भरू नका, ती रात्री बंद करताना भरा.

---

पऱ्हाटी

आणि कंडेन्सरची (कूलरची उष्णता बाहेर टाकणारा भाग) जाळी. जिनिंगच्या दिवसात कापसाचा भुगा त्यावर गोधडीसारखा बसतो. प्लग काढून मऊ ब्रशने उभ्या दिशेने झाडा, पंधरा दिवसांतून एकदा. पाणी मारू नका, पत्त्या वाकतात. दाराचं रबरही तपासा: कागदाची पट्टी दारात धरून ओढा, अलगद निघाली तर तिथून गारवा जातोय. तिसरा कूलर घ्यायच्या आधी हे दोन्ही करून पाण्याच्या बाटलीतला आकडा इथे टाका.